टीमला त्यांच्या विकेट्स चालायच्या, पण त्यांचा कप चालायचा नाही : बाळू पालवणकरांची गोष्ट

२० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं शिस्तीत चालत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे होते. त्यांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, प्यायले आणि मागून सगळे प्यायले.

हा इतिहास आपल्याला माहीत असतो. पण त्याच्या आदल्या दिवशीचा एक हिशोब फारसा सांगितला जात नाही. १९ मार्चला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद सुरू झाली तेव्हा आलेल्या लोकांना प्यायला पाणी नव्हतं. गावात तळं होतं, पण ते अस्पृश्यांसाठी नव्हतं. शेवटी परिषदेच्या लोकांनी ४० रुपयांचं पाणी विकत घेतलं.

आता योगायोग बघा. क्रिकेटच्या रेकॉर्डबुकात एका माणसाची जन्मतारीख १९ मार्च १८७६ अशी नोंदवलेली आहे. म्हणजे महाडमध्ये पाणी विकत घेतलं जात होतं, त्या दिवशी हा माणूस ५१ वर्षांचा झाला होता. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत हाच प्रश्न आडवा आला होता. याने टाकलेला चेंडू झेलायला हरकत नाही, पण याच्याबरोबर चहा प्यायचा का?

त्या माणसाचं नाव बाळू पालवणकर. देशाच्या पहिल्या मोठ्या स्पिनर्सपैकी एक.

कोकणातलं आडनाव, धारवाडचा जन्म आणि पुण्याची छावणी

मुंबई-गोवा हायवेने महाड सोडलं की पोलादपूर लागतं. तिथून कशेडी घाट ओलांडला की रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. पालवणकर हे आडनाव याच रत्नागिरीकडचं, गावाच्या नावावरून आलेलं. बाळूंचा जन्म मात्र धारवाडचा. घराणं चर्मकार समाजातलं. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि त्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आलं.

इथे लष्कर हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या काळात कोकणातल्या अस्पृश्य समाजातल्या अनेक कुटुंबांना गावाबाहेरचं जग दिसलं ते पलटणीमुळे. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतूनच निवृत्त झाले आणि नंतर त्यांनी अस्पृश्यतेच्या विरोधात लिहायला सुरुवात केली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच. छावणीत कुणाला शाळा मिळाली, कुणाला वाचायला मिळालं.

बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांना छावणीत क्रिकेट मिळालं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि बॉल घेऊन ही पोरं खेळायची. कोच नव्हता, क्लब नव्हता. बघून बघून शिकायचं.

पगार तीन रुपये, काम पिच झाडायचं

शिक्षण फार झालं नाही. घरात पैशांची गरज होती. मग बाळूंना पहिली नोकरी लागली पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबमध्ये. काम होतं पिच झाडायचं आणि रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. कधी कधी मेंबर लोकांना बॉल टाकायला मिळायचा, एवढंच.

१८९२ च्या आसपास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये आले. पगार एक रुपयाने वाढला, म्हणजे चार रुपये झाला. कामं मात्र बरीच वाढली. रोलर फिरवायचा, नेट लावायचं, टेनिस कोर्टच्या रेषा मारायच्या. पण याच नेटवर त्यांच्या हातात रोज चेंडू यायला लागला.

त्या वेळी पुण्यात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे इंग्रज अधिकारी होते. भारतात खेळणाऱ्या गोऱ्या बॅट्समनमध्ये त्यांचं नाव सगळ्यात वरचं. लोक त्यांना जंगली ग्रेग म्हणायचे. त्याचा जंगलाशी काही संबंध नाही, त्यांच्या जॉन ग्लेनी या नावाचाच तो अपभ्रंश होता. हे ग्रेग बाकीच्यांच्या आधी तासभर मैदानात यायचे आणि बाळूंना बॉलिंग करायला लावायचे. बाळूंनी आपल्याला आऊट केलं की दर वेळी ते आठ आणे द्यायचे, असं सांगितलं जातं. हा किस्सा खरा असेल तर महिन्यात आठ वेळा ग्रेगला आऊट केलं की पगाराएवढी वरकमाई होत होती.

बाळू डावखुरे स्लो बॉलर होते. बॉल दोन्हीकडे वळवायचे, वेग बदलायचे, हवेत बॅट्समनला फसवायचे. रोज तासन्तास चांगल्या बॅट्समनना बॉल टाकून त्यांचा हात तयार झाला.

पण एक गोष्ट त्या क्लबने त्यांना कधीच दिली नाही. बॅटिंग.

त्या काळात बॅटिंग ही साहेबाची गोष्ट होती आणि बॉलिंग हे कष्टाचं काम. इंग्लंडमध्येही जवळपास हाच प्रकार होता. उमराव बॅटिंग करायचे आणि पगारी माणसं बॉल टाकायची. हिंदुस्थानात त्याच्यावर रंगाचा आणि जातीचा थर चढला. म्हणूनच पुढे बाळूंच्या आकड्यांमध्ये बॉलिंग डोंगराएवढी आणि बॅटिंग बेताची दिसते.

मैदानात घेतलं, पंगतीत नाही

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता. या क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं. आणि गोऱ्यांच्या सगळ्यात भारी बॅट्समनला रोज नेटमध्ये अडचणीत आणणारा बॉलर त्यांच्याच गावात चार रुपयांवर राबत होता.

घ्यायचं की नाही, यावर क्लबमध्ये वाद झाला. क्लबमधले तेलुगू सदस्य बाळूंच्या बाजूने होते. पुण्याच्या स्थानिक ब्राह्मण सदस्यांचा मात्र विरोध होता. तेवढ्यात खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे सांगितलं की असा बॉलर बाहेर ठेवणं हा मूर्खपणा ठरेल. शेवटी बाळूंना टीममध्ये घेतलं गेलं.

पण घेतलं म्हणजे कसं, तर त्याला अटी होत्या.

मैदानात सगळ्यांनी एकाच चेंडूला हात लावायचा. तिथे विटाळ नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या, एकदा वापरून फेकायच्या भांड्यात चहा मिळायचा. तोंड धुवायचं असेल तर पाणी घालायला अस्पृश्य नोकर. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागाही वेगळी.

म्हणजे सकाळी ज्याच्या बॉलिंगवर टीम उड्या मारायची, दुपारी तोच माणूस एकटा बाहेर बसून जेवायचा. आणि जेवण झालं की पुन्हा टीमसाठी बॉल टाकायला उभा राहायचा.

पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांच्या टीमला हरवलं. साताऱ्याला मॅच ठरली तेव्हा तिथल्या गोऱ्या जिमखान्याने बाळूंची धास्ती घेऊन पिचवर बरेच दिवस रोलर फिरवून घेतला. पिच जेवढं टणक तेवढा बॉल कमी वळेल, हा त्यांचा हिशोब. बाळूंनी त्याच पिचवर सात विकेट्स काढल्या आणि मॅच जिंकून दिली.

यानंतर पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर कार्यक्रमात बाळूंच्या गळ्यात हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा रानड्यांचा सरळ सवाल होता. पुढे लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंचं कौतुक केलं. पुण्यातले सुधारक आणि सनातनी एकमेकांशी भांडत होते त्या काळात हे घडत होतं. त्यामुळे बाळूंचा चहाचा कप हा पुण्यात चर्चेचा विषय झाला होता.

मुंबई, रेल्वेची नोकरी आणि १९०६ ची ती मॅच

१८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलं. या धामधुमीत बाळू पुणे सोडून मुंबईला आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना नव्याने उभा राहिला होता. इथेही काही सदस्यांनी जातीवरून नाक मुरडलं. पण कॅप्टन कीर्तिकर बाळूंच्या बाजूने उभे राहिले आणि ते टीममध्ये आले. पोटापाण्यासाठी बीबीसीआय रेल्वेत नोकरी मिळाली. आजची पश्चिम रेल्वे म्हणजे हीच. रेल्वेच्या टीमकडूनही ते खेळायचे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन अशी मॅच ठरली. वेळ बघा. बंगालची फाळणी होऊन काही महिनेच झाले होते. स्वदेशीची चळवळ पेटलेली होती. आदल्याच वर्षी जपानने रशियाला हरवलं होतं आणि गोऱ्यांना हरवता येतं, ही गोष्ट आशियाभर पसरली होती. आणि मॅच कुठे, तर ज्या क्लबमध्ये हिंदी माणसाला मेंबर होता येत नव्हतं, त्याच्याच मैदानावर.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ केल्या. युरोपियन १९१ वर आटोपले. दुसऱ्या डावात हिंदू १६० आणि युरोपियन फक्त १०२. हिंदूंनी मॅच १०९ रनांनी जिंकली. शेवटच्या डावात निम्मी टीम एकट्या बाळूंनी गुंडाळली. शिवरामही याच टीममध्ये होते.

गावोगावच्या वर्तमानपत्रांनी हा विजय डोक्यावर घेतला. पण समाजसुधारकांच्या पत्रांनी वेगळीच गोष्ट टिपली. पुण्यात ज्या माणसाला बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जात होता, तो आणि त्याचा भाऊ आता मुंबईच्या जिमखान्यात बाकीच्या हिंदू खेळाडूंबरोबर एकाच पंगतीला जेवत होते. गोऱ्यांना हरवणं मोठं होतंच. पण जिमखान्यातली ही पंगत काही लोकांना त्याहून मोठी वाटली.

इंग्लंडचा दौरा : एका उन्हाळ्यात ११४ विकेट्स

१९११ मध्ये पहिल्यांदाच सगळ्या देशाची मिळून निवडलेली एक टीम इंग्लंडला गेली. त्यात हिंदू, पारशी, मुस्लिम असे सगळे खेळाडू होते. कॅप्टन होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग.

हा दौरा तसा फसला. महाराजांना राजा पंचम जॉर्जचा राज्याभिषेक, मेजवान्या आणि भेटीगाठी यांतच जास्त रस होता. त्यांनी टीममधला सगळ्यात चांगला बॅट्समन के. एम. मिस्त्री यालाही बरोबर घेतलं, कारण मिस्त्री त्यांच्याच पदरी होता. टीम कॅप्टनशिवाय आणि मुख्य बॅट्समनशिवाय खेळत राहिली आणि मॅचमागून मॅच हरत गेली.

पण या हरणाऱ्या टीममध्ये पस्तिशीचा एक स्पिनर रोज लांबलचक स्पेल टाकत होता. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ रन देऊन ८ विकेट्स घेतल्या. दौऱ्यातल्या सगळ्या मॅचेस धरून त्यांच्या ११४ विकेट्स झाल्या, त्याही १९ पेक्षा कमी सरासरीने. त्यातल्या ७५ फर्स्ट क्लास होत्या.

उशिरा का होईना, टीमने लेस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन काऊंटी टीमना हरवलं. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक ठोकलं आणि मॅच एका विकेटने निघाली. जाणकारांनी बाळूंची तुलना इंग्लंडचे महान डावखुरे स्पिनर विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी केली.

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या सत्काराचं मानपत्र लिहिण्याचं काम एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने केलं, असं इतिहासकार नोंदवतात.

तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

त्या वेळी बाबासाहेबांना फार थोडे लोक ओळखत होते. बाळूंना मात्र अख्खी मुंबई ओळखत होती. आपल्यातला एक माणूस गोऱ्यांच्या देशात जाऊन त्यांच्याच खेळात त्यांना भारी पडतो, हे त्या समाजाने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

सगळं दिलं, कॅप्टनशिप सोडून

१९०७ पासून मुंबईत हिंदू, पारशी आणि युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम टीम आली आणि स्पर्धा चौरंगी झाली. मुंबईत या मॅचेस बघायला तुफान गर्दी व्हायची. टेस्ट मॅच अजून लांब होती, त्यामुळे देशातलं सगळ्यात मोठं क्रिकेट हेच.

हिंदूंच्या टीममध्ये बाळू सगळ्यात अनुभवी. गोऱ्यांना आणि पारशांना सगळ्यात जास्त वेळा आऊट केलेला माणूस. तरीही दर वर्षी कॅप्टन निवडायची वेळ आली की नाव दुसऱ्याचंच यायचं.

याचं कारण समजून घ्या. बॉलर टीममध्ये असतो तेव्हा तो कॅप्टनचं ऐकतो. कॅप्टन झाला की बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. अस्पृश्याच्या बॉलिंगवर जिंकणं चालत होतं. अस्पृश्याच्या हुकमावर फील्डिंगला उभं राहणं अजून पचत नव्हतं.

१९१३ मध्ये एम. डी. पै कॅप्टन झाले. ते स्वतः सारस्वत ब्राह्मण. त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात त्यांनीच उभं राहून सांगितलं की हा मान खरं तर बाळूंचा होता. सगळ्यांसमोर हे बोलायला हिंमत लागते. पण निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही.

तोवर घरातले आणखी दोघं तयार झाले होते. गणपत आणि विठ्ठल. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चार सख्खे भाऊ हिंदूंकडून खेळले.

१९२० मध्ये ठिणगी पडली. बाळू पंचेचाळिशीकडे आले होते. त्यांना टीममधून वगळलं. पै आजारी असल्याने पहिल्या मॅचसाठी कॅप्टनची जागा रिकामी झाली. शिवराम आणि विठ्ठल दोघंही ज्येष्ठ होते, विठ्ठल तर तेव्हा देशातल्या चांगल्या बॅट्समनपैकी एक होते. पण कॅप्टनशिप गेली पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे. देवधर मोठे खेळाडू होते यात वाद नाही. प्रश्न ज्येष्ठता डावलून जात बघितली गेली का, हा होता.

शिवराम आणि विठ्ठल यांनी टीममधून माघार घेतली. गुपचूप नाही, वर्तमानपत्रांत निवेदन देऊन. जातीमुळे आपल्याला डावललं जातंय, हे त्यांनी छापील शब्दांत मांडलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ऐन टूर्नामेंटमध्ये दोन स्टार खेळाडू टीमबाहेर गेले आणि त्यांनी कारणही सगळ्यांना सांगितलं.

याचा परिणाम झाला. देशात गांधीजींच्या असहकाराचं वारं होतं आणि अस्पृश्यतेचा प्रश्न काँग्रेसच्या व्यासपीठावर येत होता. अशा वेळी जिमखान्याला जातीचा डाग परवडणारा नव्हता. पारशांविरुद्धच्या फायनलला पै परत आले, दोन्ही भाऊ परत आले आणि बाळूंना व्हाइस कॅप्टन केलं गेलं. मॅचमध्ये पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही वेळ टीमचं नेतृत्व बाळूंकडे आलं.

तेवढंच. बाळूंच्या नशिबात हिंदूंच्या टीमचं नेतृत्व आलं ते एवढ्या वेळापुरतं. तिथेच त्यांची फर्स्ट क्लास कारकीर्द संपली.

पण दार उघडलं होतं. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कॅप्टन झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दाखवली. पुढे १९४८ मध्ये विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं. या भावंडांबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं या मराठी पुस्तकामुळे.

चवदार तळं आणि दोन वेगळ्या वाटा

बाळूंना बरोबरीने चहा मिळायला बरीच वर्षं गेली आणि त्यासाठी ढीगभर विकेट्स काढाव्या लागल्या. पण ज्याला क्रिकेट येत नाही त्याचं काय? कोकणातल्या ज्या शेतमजुराकडे गोऱ्यांना आऊट करायची कला नाही, त्याने पाणी कुठून प्यायचं?

महाडने हाच प्रश्न विचारला. तिथे पाणी कुठल्याही कामगिरीचं बक्षीस म्हणून मागितलं जात नव्हतं. कायद्याचा आधारही होता. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकाराने तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. पण कागदावरचा ठराव ओंजळीत पाणी आणून देत नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला चालत जावं लागलं. नंतर मारहाण सोसावी लागली आणि दहा वर्षं कोर्टात लढावं लागलं.

बाळू आणि बाबासाहेब दोघांनाही अस्पृश्यता संपवायची होती. पण रस्त्याबद्दल मतभेद झाले. बाळूंना सुरुवातीपासून हिंदू टीमच्या आत राहूनच एकेक दार उघडताना अनुभव आला होता. त्यामुळे हिंदू समाजात राहूनच बदल घडवता येईल, असं त्यांना वाटत होतं. बाबासाहेबांना वाटत होतं की दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेली जागा कधीही काढून घेतली जाऊ शकते, म्हणून राजकीय हक्क हातात हवेत. महाडमध्ये त्यांनी ते बघितलंही होतं. सत्याग्रहानंतर काही महिन्यांतच नगरपालिकेने आपलाच १९२४ चा ठराव मागे घेतला होता.

१९३२ मध्ये ब्रिटिशांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले. गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं. बाळू स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात होते आणि त्यांनी तडजोडीसाठी बाबासाहेबांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, पण प्रांतांमधल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. त्या करारावर सही करणाऱ्यांमध्ये बाळू पालवणकरही आहेत.

१९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंना तेही पटलं नाही.

१९३७ : मानपत्र लिहिणारा विरुद्ध मानपत्र घेणारा

फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताची विधानसभा निवडणूक झाली. बाबासाहेब आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबईतून उभे राहिले. काँग्रेसला त्यांच्यासमोर असा उमेदवार हवा होता, ज्याला अस्पृश्य समाजातही मान आहे आणि बाकीचे मतदारही मत देतील. असा माणूस एकच होता. साठी ओलांडलेले बाळू पालवणकर.

ज्याने १९११ मध्ये बाळूंच्या सत्काराचं मानपत्र लिहिलं, तो आता त्यांच्यासमोर उभा होता.

लढत सोपी गेली नाही. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली. बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. काँग्रेसची लाट, तिची यंत्रणा आणि क्रिकेटमुळे घराघरात पोचलेलं नाव बाळूंच्या मागे होतं. त्यापुढे बाबासाहेब जिंकले, हा मोठा विजय होता. त्याच निवडणुकीत कुलाबा जिल्ह्यातून बाबासाहेबांच्या पक्षाकडून महाडचे सुरबानाना टिपणीसही निवडून आले.

आणि त्यानंतर महिन्याभरात, १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल दिला. तळं फक्त सवर्णांनीच वापरायची फार जुनी रूढी आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आलं नाही. तळं सगळ्यांचं ठरलं.

बाळू ही निवडणूक हरले म्हणून त्यांना एखाद्या गटात टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्या समाजाने १९११ मध्ये त्यांना डोक्यावर घेतलं, त्याच समाजातले लोक १९३७ मध्ये त्यांच्या विरोधात मत देत होते. कारण त्यांच्या अपेक्षा पुढे गेल्या होत्या. आणि त्या पुढे जाण्यात बाळूंच्या डाव्या हाताचाही वाटा होता.

रेकॉर्डमध्ये काय उरलं?

४ जुलै १९५५ ला बाळू पालवणकर मुंबईत वारले.

त्यांच्या नावावर ३३ फर्स्ट क्लास मॅचेसमध्ये १७९ विकेट्स आहेत. सरासरी १५.२१. एका डावात पाच किंवा जास्त विकेट्स तब्बल १७ वेळा. पण हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. त्यांची फर्स्ट क्लास नोंद सुरू होते ती १९०६ च्या त्या मॅचपासून. तेव्हा ते तिशीला टेकले होते. पुण्याच्या नेटवर ग्रेगला टाकलेले हजारो बॉल, साताऱ्याचे सात बळी, तरुणपणाची सगळी वर्षं, यातलं काहीच या आकड्यांत नाही. भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यामुळे टेस्ट खेळाडूंच्या यादीतही त्यांचं नाव सापडत नाही.

विस्मरणाचं मोठं कारण हेच. टेस्ट नाही, व्हिडिओ नाही, राजकारणात हरलेल्या बाजूला उभे. काँग्रेसच्या इतिहासात ते तळटीप झाले आणि आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात विरोधी उमेदवार. २००२ मध्ये रामचंद्र गुहांनी हिंदुस्थानी क्रिकेटचा इतिहास लिहिताना पालवणकर भावांना मधोमध आणून बसवलं, तेव्हा नव्या पिढीला हे नाव कळलं. 'लगान' मधल्या कचराची फिरकी बघून अनेकांना बाळूच आठवतात.

फरक एवढाच की कचराला टीममध्ये घेतलं की सिनेमातला प्रश्न सुटतो. बाळूंच्या बाबतीत टीममध्ये घेतल्यावर खरे प्रश्न सुरू झाले. आधी चहाच्या कपाचा, मग ताटाचा, मग कॅप्टनशिपचा. पहिले दोन सुटलेले त्यांनी स्वतः बघितले. तिसरा सुटला तो धाकट्या भावासाठी.